मेणबत्तीचोर आणि तीन पाव

दोस्तांनो, ज्यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही आणि पटसुद्धा लागत नाही, असा खेळ तुम्ही कधी खेळलात का? लागतो फक्त कागद, पेन्सिल, एक फासा आणि डोक्यात येईल ते बोलायचं धाडस. मी असा एक खेळ एका नाताळात खेळवला. खेळवला कसला, मीच त्यात पुरता फसलो होतो! त्याचीच ही गोष्ट.

२०१९ सालचा नाताळ. आमचं घर वसईचं. ऑक्टोबरमध्ये आमची आजी गेली होती. म्हणून त्या वर्षी आमच्या दारावर तारा लागला नाही, अंगणात गोठा झाला नाही. कलकल नाहीत, करंज्या नाहीत. शेजाऱ्यांनी आणून दिलेली ताटं टेबलावर तशीच झाकून पडलेली. मोठी माणसं हळू आवाजात बोलायची आणि मुलं नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरायची. काकी मला म्हणाली, "तू सगळ्यांत मोठा ना? चोवीस तारखेला संध्याकाळी या पोरांना कशात तरी गुंतव बाबा. रात्री मिस्साला जाईपर्यंत तरी."

कॉलेजच्या होस्टेलवर मी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ शिकलो होतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन माणसांनी तो १९७४ साली छापून बाजारात आणला. यात एक जण सूत्रधार असतो. तो सांगतो, "तुम्ही गुहेच्या तोंडाशी उभे आहात. आत काळोख आहे. आता काय कराल?" बाकीचे गोष्टीतली पात्रं होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. ते जमलं की फसलं, हे मात्र वीस बाजूंचा फासा ठरवतो.

एरवी हा खेळ महिनोन्‌महिने चालतो. आमच्याकडे होते जेमतेम तीन तास. अशा एका बैठकीच्या खेळाला तीन गोष्टी लागतात. पात्रं आधीच तयार हवीत, नाहीतर नाव ठरवण्यातच तास जातो. कामगिरी एकच हवी. आणि वेळेची मर्यादा गोष्टीतच हवी, म्हणजे रेंगाळायला जागा राहत नाही.

गोष्ट मी घेतली आइसलँडमधली. तिथे डिसेंबरच्या ऐन मध्यावर राजधानीतसुद्धा दिवसाचा उजेड चारच तास असतो. तिथल्या लोककथांत ग्रीला नावाची राक्षसीण आहे आणि तिला तेरा खोडकर मुलगे आहेत. बारा डिसेंबरपासून रोज एकेक जण डोंगरावरून खाली गावात येतो. कुणी चमचे चाटतो, कुणी दारं आपटतो, कुणी खिडकीतून डोकावतो. शेवटचा, तेरावा, येतो चोवीस तारखेला. तो मेणबत्तीचोर! पूर्वी तिकडे मेणबत्त्या जनावरांच्या चरबीच्या असत, म्हणजे चक्क खाता येत.

झालं तर मग! गावातली शेवटची मेणबत्ती चोरीला गेली आहे आणि बाराची घंटा व्हायच्या आत ती परत आणायची आहे. दोन रात्री जागून मी गुहेचा नकाशा काढला. ग्रीलाशी होणाऱ्या लढाईचं तर पान भरून टिपण केलं. वीस बाजूंचा फासा मात्र घरी नव्हता. मग हाउजीच्या पिशवीतल्या एक ते वीस आकड्यांच्या सोंगट्या बाजूला काढल्या. एक ओढायची, आकडा बघायचा, परत टाकायची. गंमत म्हणजे १९७९ साली फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा खुद्द या खेळाच्या कंपनीनेही खोक्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे दिले होते.

चौघं खेळायला बसली. चौदा वर्षांचा चुलतभाऊ झाला लोहार, त्याच्या हातात भला मोठा हातोडा. बारा वर्षांचा झाला खलाशी. शेजारची मुलगी मेंढपाळ. उरलेला कागद आला सगळ्यांत धाकट्या, नऊ वर्षांच्या बहिणीकडे. ती होती पावाच्या भट्टीवर काम करणारी पोर. तिच्यासाठी मला काही सुचलंच नव्हतं. 'जवळच्या वस्तू' या ओळीत मी आपलं लिहून टाकलं होतं, 'तीन पाव'.

तासभर मजेत गेला. बर्फाची दरी पार झाली, खलाशी एकदा धपकन पडला, सगळे खूप हसले. त्या घरात कितीतरी दिवसांनी कुणी असं हसत होतं. मग आली गुहा. तोंडाशीच मेणबत्तीचोर बसलेला.

"मी हातोडा उचलतो!" लोहार ओरडला.

"मी त्याला पाव देते," धाकटी म्हणाली.

मला पुढची लढाई दिसत होती. माझं ते पानभर टिपण! मी म्हणालो, "अगं, तो चोर आहे. राक्षसिणीचा मुलगा. त्याला कोणी पाव देतं का? तू मागे थांब."

तिने कागद पालथा ठेवला. "मग मला विचारलंस कशाला?"

मला काही उत्तर सुचेना. ती खाली बघत म्हणाली, "आजी तर कोणीही आलं तरी आधी विचारायची, जेवलास का म्हणून. नाव मागाहून."

कोणीच काही बोललं नाही. आजीचं नाव त्या दिवशी घरात पहिल्यांदाच कुणी घेतलं होतं. शेवटी लोहारच म्हणाला, "दादा, विचारू दे ना तिला."

मी टिपणाचं पान मिटून ठेवलं. "ठीक आहे. माझंच चुकलं. पंधरा किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर तो ऐकेल." म्हणजे विसात सहाच सोंगट्या तिच्या बाजूच्या. तिने पिशवीत हात घातला. आकडा आला चार!

तिचं तोंड एवढंसं झालं. पण चांगला सूत्रधार नुसतं 'नाही' म्हणून थांबत नाही. तो म्हणतो, 'हो, पण...' मी म्हणालो, "त्याने पाव हिसकावून घेतला. पण पळाला नाही. खाता खाता तुमच्याकडे बघतोय. हातोड्याकडे."

"मी हातोडा खाली ठेवतो," लोहार पटकन म्हणाला. या मदतीचे दोन गुण मी दिले. धाकटीने दुसरा पाव पुढे केला आणि पुन्हा सोंगटी ओढली. तेरा. तेरा आणि दोन पंधरा! चौघं एकदम उठून उभी राहिली.

आता चोराने काहीतरी बोलायला हवं होतं आणि माझ्या टिपणात त्याचा एकही शब्द नव्हता. जे मनात आलं ते मी बोललो. "आम्ही तेरा भाऊ. मी शेवटचा. माझी पाळी येईपर्यंत गावात खायचं काही उरतच नाही. उरते फक्त मेणबत्ती. मला अजूनपर्यंत कोणी विचारलंच नाही, जेवलास का."

ग्रीलाशी लढाई झालीच नाही. तिसरा पाव देऊन मेणबत्ती परत आली, घंटा व्हायच्या आत. मान वर करून बघतो तर दारात आई आणि काकी उभ्या. कधीपासून ऐकत होत्या कोण जाणे. काकीने पदराने डोळे पुसले आणि टेबलावरच्या ताटांवरची झाकणं काढली. "चला, मिस्साच्या आधी दोन घास खाऊन घ्या." धाकटीने आपल्या बशीशेजारी आणखी एक बशी मांडली, तिच्यात कलकल वाढले. म्हणाली, "कोणी आलं तर."

मित्रांनो, त्या रात्री मी एक धडा शिकलो. सूत्रधाराचं खरं काम गोष्ट सांगणं नाही, ऐकणं आहे. येत्या सुट्टीत तुम्हीही हा खेळ खेळवून बघा. चार खेळगडी, एक कामगिरी, वीस आकडे, बस्स. टिपणं जरूर काढा. पण कुणी टिपणात नसलेलं काही म्हणालं, तर पान मिटायची तयारी ठेवा. आणि हो, प्रत्येकाच्या कागदावर काहीतरी वस्तू लिहाच. तीन पाव का असेनात!