करजगीची वाट आणि जुनी बुलेट

अफझलपूर तालुक्यातील आमच्या करजगीला सीमा आहे ती नकाशापुरती. सोयरीक, बाजार, दवाखाना, साऱ्यांसाठी पावले सोलापूरकडेच वळतात. निवृत्तीस चार वर्षे उरली असता तिथूनच मी एक जुनी बुलेट आणली. १९५५ साली मद्रासेत जुळणी सुरू झाली त्याच जातीची. बिडाचे इंजिन, गिअर उजव्या पायाशी. गाडी थंड असतानाच सुरू करवून पाहा, असे मिस्त्रीने बजावले होते. तापलेले इंजिन दुखणे लपवते. अँमीटरचा काटा मध्यावर आणून, डीकॉम्प्रेशनची कळ दाबून किक मारणे आठवडाभराने साधले. तोवर उलट्या किकेचा प्रसाद पोटरीने घेतला, तो निराळा!

खरी परीक्षा कागदांची. एमएच-१३ जाऊन केए-३२ यायला सोलापूरचे ना हरकत प्रमाणपत्र हवे, इकडचा कर भरायला हवा. शिवाय १५ वर्षांपुढे दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण. माझी दिवाळीची सुटी त्यातच सरली.

गेल्या गुरुवारी सौ.ना मागे बसवून गाणगापूरला निघालो. भीमा-अमरजा संगमाच्या अलीकडे गाडी थांबली. पॉइंट काजळले होते.

“बसने आलो असतो,” सौ. म्हणाल्या.

मी पॉलिश पेपर काढला. दुसऱ्या किकेला धडधड सुरू झाली.