आमची रविवारची बैठक

सुटीच्या दिवशीच्या गप्पांना कोणी कामात धरीत नाही. घरातील कर्त्या स्त्रिया तर त्यांना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणूनच ओळखतात, आणि चहाचे चौथे आधण ठेवताना त्यांचा तो अभिप्राय रास्तच असतो. परंतु महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांचा हिशेब थोडा निराळा आहे. आमच्या घरातील मुलांची शाळा आता मराठी नाही, कचेरीतील कागद मराठी नाहीत, बाजारातील बोलणेही मराठी नाही. मग मराठीत रागवावे कसे, थट्टा कशी करावी, एखाद्याचे म्हणणे त्याला न दुखवता खोडावे कसे, हे ती शिकणार कोठे? आमच्या घरी तरी ते रविवारच्या बैठकीत शिकले गेले. त्या बैठकीविषयी चार शब्द लिहावेत, असे बरेच दिवस मनात होते.

आमचे गाव आळंद. पुण्याकडील पाहुण्यांस हे नाव सांगितले की ते हटकून 'आळंदी' असे ऐकतात आणि इंद्रायणीची चौकशी करू लागतात. आमचे आळंद कलबुर्गीपासून सुमारे ४० किलोमीटरवर, अक्कलकोट तालुक्याला लागून आहे. १९४८ पर्यंत आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत म्हैसूर राज्यात गेलो. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले आणि २०१४ साली गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले. घर जागचे हलले नाही, पत्ता मात्र दर पिढीस नवा लिहावा लागला.

आमचे थोरले काका या सर्व पत्त्यांचे धनी होते. त्यांचे शिक्षण उर्दूतून झालेले, घरचा जमाखर्च मोडीत, बाजारातील घासाघीस कानडीत आणि देवापुढचे बोलणे मराठीत. बैठक मुळात शुक्रवारची, असे ते सांगत. निजामी अमलात सुटीचा वार शुक्रवार होता. पुढे रविवार आला, तेव्हा जुन्या मंडळींस कित्येक महिने चुकल्यासारखे वाटे. काका म्हणत, "वार बदलला तरी सतरंजी तीच आहे, बसा." आणि मंडळी बसत.

ओसरीवर सतरंजी पडे. चुरमुऱ्यांचा सुशीला, त्यावर शेंगदाण्याचे कूट, कधी भजी, आणि चहा. डाव्या अंगाला शेजारचे अण्णा, जातीने लिंगायत, घरी शुद्ध कानडी. उंबऱ्याजवळ अत्तराचा सुवास घेऊन येणारे चाचा. दारामागे, पण बोलण्यात सर्वांच्या पुढे, आमच्या आत्याबाई. अण्णा मराठीत बोलत, परंतु रंगात आले की कानडीत शिरत. चाचांची दख्खनी उर्दू तर आम्हांस परकी वाटतच नसे, कारण त्यांचे 'नक्को' आणि आमचे 'नको' एकच. अण्णा, अक्का, अप्पा हे शब्द कानडी की मराठी, हा वाद आमच्या ओसरीवर अनेक वेळा झाला आणि एकदाही निकालात निघाला नाही. निघाला असता तर पुढच्या रविवारी बोलायचे काय, ही पंचाईत होती.

श्रद्धेचा विषय निघाला की काका प्रथम कडगंचीचे नाव घेत. हे गाव आमच्याच तालुक्यातले. 'श्रीगुरुचरित्र' लिहिणारे सरस्वती गंगाधर येथले. त्यांची मातृभाषा कानडी होती, असे परंपरा मानते. ज्या ग्रंथाचे सप्ताह महाराष्ट्रात घरोघरी होतात, तो मराठी ग्रंथ एका कानडी घरातील माणसाने लिहिला, हे सांगताना काका अण्णांकडे पाहून हात जोडीत. आणि अण्णा, जणू ग्रंथ आपणच लिहिला अशा थाटात, मान लववीत. आज त्याच कडगंचीस २००९ साली स्थापन झालेले कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ उभे आहे, आणि दूरदूरच्या प्रांतांतील मुले तेथे शिकावयास येतात.

दुसरे नाव राघवचैतन्यांचे. तुकोबांनी आपली गुरुपरंपरा सांगताना राघवचैतन्य, केशवचैतन्य आणि बाबाजी अशी नावे घेतली आहेत, हे वारकरी वाचकांस सांगणे न लगे. त्या राघवचैतन्यांची समाधी आळंदास आहे, असे आम्ही पिढ्यान् पिढ्या मानीत आलो. ती ज्या आवारात आहे, ते आवार हजरत लाडले मशायख यांच्या दर्ग्याचे. आमच्या लहानपणी आत्याबाई तेथे फूल वाहून येत आणि येताना चाचांच्या घरी टेकून पाणी पीत. त्यात काही विशेष आहे, असे कोणासच वाटत नसे.

पुढे त्या आवारावरून वाद उभा राहिला. १ मार्च २०२२ च्या महाशिवरात्रीस गावात दगडफेक झाली. प्रकरण न्यायालयात गेले. २०२५ च्या महाशिवरात्रीस उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाने पंधरा जणांना पूजेची अनुमती दिली. उरुसाचे विधी सकाळी आणि पूजा दुपारनंतर, अशी वेळेची वाटणी होती. काका आणि आत्याबाई तेव्हा हयात नव्हते. चाचा मात्र नव्वदीच्या घरात होते. पुढल्या रविवारी ते येतील की नाही, अशी शंका आमच्या घरात प्रत्येकाच्या मनात होती. ते काठी टेकीत आले, आपल्या जागी बसले. अण्णांचे चिरंजीव सहज बोलून गेले, "कोर्टानं वेळ वाटून दिली, ते एक बरं झालं." चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "वक्त बट गया, ठीक है बेटा. मगर बैठना तो एकीच जगा है ना?" कोणी उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने तुरीच्या भावाची गोष्ट निघाली आणि सर्वांनी ती आनंदाने उचलून धरली. कलबुर्गीच्या तुरीस २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण भाव काही त्या मानाने वर गेला नाही, यावर तिन्ही घरांचे एकमत झाले.

त्या दिवशी प्रश्न सुटला, असे आम्ही म्हणत नाही. परंतु जे बोलणे समोर बसून करता येत नाही ते मागे करू नये, हा काकांचा दंडक त्या दिवशी पाळला गेला, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले. समोर बसणेच बंद झाले असते, तर तो दंडक पाळायचा कोणी आणि कोणासाठी?

खेळाचा विषय त्यामानाने हलका. परंतु सीमेवरच्या मराठी माणसाला तोही सरळ नाही. मुंबईने १९५८-५९ पासून सलग पंधरा वर्षे रणजी करंडक जिंकला होता. १९७३-७४ च्या हंगामात बंगळूरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकाने मुंबईस नमविले आणि पुढे करंडकही घेतला. 'कर्नाटक' या नव्या नावाने हा संघ खेळत होता, तो पहिलाच हंगाम. आमच्या ओसरीवर रेडिओभोवती मोठे धर्मसंकट उभे राहिले. गावसकर आमचे, वाडेकर आमचे. पण प्रसन्ना आणि विश्वनाथ आमच्या राज्याचे. विश्वनाथांनी त्या सामन्यात शतक काढले, तेव्हा अण्णांच्या आधी टाळी कोणी वाजवली असेल तर ती काकांनी. कोणी तरी विचारले, "काका, तुम्ही नक्की कोणाकडून?" काका म्हणाले, "जो चांगलं खेळतोय त्याच्याकडून. आपल्याला दोन घरं आहेत, एक हरलं तरी जेवायची सोय होते." चार वर्षांनी, १९७८ साली, गावसकरांच्या भगिनी विश्वनाथांस दिल्या गेल्या. ही सोयरीक जणू आमच्याच ओसरीवर ठरली होती, अशा समाधानाने ती बातमी आमच्याकडे वाचली गेली.

आत्याबाईंच्या काळी क्रिकेट हा पुरुषांचा विषय होता. १७ मार्च २०२४ हा रविवारच होता. त्या रात्री महिलांच्या प्रीमियर लीगचा अंतिम सामना बंगळूरच्या संघाने जिंकला. कर्णधार सांगलीत वाढलेल्या स्मृती मानधना. आणि त्या स्पर्धेत सर्वांत जास्त बळी घेणाऱ्या श्रेयांका पाटील, जन्माने कलबुर्गीच्या. आमची नात आणि अण्णांची नात एकाच सतरंजीवर बसून ओरडत होत्या, एक मराठीत, दुसरी कानडीत. या वेळी कोणाकडून, हा प्रश्न कोणाला विचारावाच लागला नाही. पुढे २ नोव्हेंबर २०२५ रोजी, तोही रविवार, भारताच्या मुलींनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेस ५२ धावांनी हरवून विश्वचषक घेतला. त्या दिवशी चहाचे आधण ठेवण्याची पाळी घरातील पुरुषांवर आली, आणि रिकामटेकडे कोणास म्हणावे याचा अर्थ घरात कायमचा बदलला.

आता वृत्तपत्रे, रेडिओ आणि दूरदर्शन. सोलापूरहून येणारे मराठी दैनिक आमच्याकडे मोठ्याने वाचले जाई, कारण प्रत एक आणि ऐकणारे दहा. पण खरी नवलाई आली ती १९७५ साली. त्या वर्षी १ ऑगस्टपासून एक वर्ष भारत सरकारने अमेरिकेचा उपग्रह वापरून सहा राज्यांतील २४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवली. त्यांत आमच्या गुलबर्गा जिल्ह्यातील गावेही होती. सोलापूर, नागपूर अजून वाट पाहत होते, आणि आमच्या जिल्ह्यातील खेडुत कानडीतून शेतीचे आणि आरोग्याचे कार्यक्रम पाहत होते. ज्या नातलगांच्या गावी संच आला होता, तेथे आम्ही मुद्दाम गेलो. कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची दहा फुटी तबकडी, खाली एक संच, आणि समोर अवघा गाव मांडी घालून बसलेला. चित्रापेक्षा गलकाच जास्त. कार्यक्रम संपला तरी मंडळी उठत नव्हती. खताची मात्रा खरी की खोटी, यावर वाद चालू होता. दूरदर्शन म्हणजे सर्वांनी मिळून पाहायचे आणि मग भांडायचे, अशी आमची समजूत तेव्हा झाली ती झालीच.

२५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झाले आणि बैठकीची वेळ दुपारची सकाळवर आली. पाठोपाठ 'महाभारत' आले. त्याचे संवाद राही मासूम रझा यांनी लिहिले, हे चाचा दर रविवारी नव्याने सांगत आणि काका दर रविवारी नव्याने आश्चर्य करीत. संच एक, ओसरी भरलेली, अंगणात चपलांचा ढीग. पुढे २८ मार्च २०२० पासून टाळेबंदीत तेच 'रामायण' पुन्हा दाखविले गेले. तीच चित्रे, तेच संगीत. परंतु अंगणात चपला नव्हत्या. ती महामारीची सक्ती होती, हे खरे. सक्ती उठल्यावरही सगळ्या चपला परत आल्या नाहीत, हेही खरे.

आज आमच्या घरात सात माणसे आणि आठ पडदे आहेत. रविवारी एक जण सामना पाहतो, एक जण कीर्तन ऐकते, मुले भ्रमणध्वनीवर दर अर्ध्या मिनिटास नवे काही पाहतात. मराठी कार्यक्रम पूर्वी कधी नव्हते इतके हाताशी आहेत. लंडनच्या मराठी घराला जे दिसते ते आळंदच्या घराला त्याच क्षणी दिसते. या सोयीबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. तरी आमच्या एका नातवास सगळी मराठी समजते आणि उत्तर मात्र तो मान हलवून देतो, हे आम्ही पाहतो. समजणे पडद्याकडून शिकता येते. उत्तर देणे शिकावयास समोर माणूस लागतो, आणि तोही थोडासा हट्टी.

सीमाभागातील मराठीचे काय होणार, अशी चिंता पुष्कळ वेळा व्यक्त होते, आणि तिचे खापर शेजारच्या भाषेवर फोडले जाते. आमचा अनुभव असा की शेजारच्या भाषेने आमच्या मराठीला शब्द दिले, श्रोते दिले, आणि 'गुरुचरित्रा'सारखा ग्रंथ दिला. कानडी आणि दख्खनी कानांवर पडत असतानाच आमची मराठी घडली. ती ओसरली, तर ओसरीवर कोणी बसेनासे झाल्यामुळे ओसरेल.

म्हणून गेल्या दिवाळीपासून आम्ही रविवारी दुपारी चार ते पाच सतरंजी पुन्हा घालू लागलो आहोत. भ्रमणध्वनी देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात ठेवायचे, एवढा एकच नियम. दैनिकातील एक बातमी कोणी तरी मोठ्याने वाचते. पहिल्या रविवारी चौघे होतो. आता अण्णांच्या घरातील तिघे आणि चाचांचा नातू धरून नऊ-दहा होतात. वाद होतात, आवाज चढतात, सुशीला संपतो. मान हलवून उत्तर देणाऱ्या आमच्या नातवाने परवा चाचांच्या नातवास ठणकावून सांगितले, "तुला क्रिकेटमधलं काही कळत नाही." व्याकरण शुद्ध होते, आवाजही खणखणीत होता. त्याच्या आजीने त्याला रागवावयास तोंड उघडले, आणि मग काही न बोलता त्याच्या बशीत आणखी दोन भजी वाढली.

वाचकांपैकी जे हैदराबादेस, इंदुरास, बडोद्यास अथवा आणखी दूर आहेत, त्यांच्या घरीही अशी एखादी सतरंजी कपाटात घडी करून ठेवलेली असेल. ती झटकून पाहावी, एवढेच सुचवावयाचे होते.