म्हातारपणाचं स्वतःचं दार

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या उमरी पठारला संत दोला महाराजांच्या नावानं वृद्धाश्रम आहे. निराधार म्हातारपण आणि देवाधर्माचा आसरा ही जोडी विलायतेतही फार जुनी आहे बरं का!

इंग्लंडात यूएल्म नावाचं खेडं आहे. तिथं ॲलिस नावाच्या एका सरदारीण बाईनं आणि तिच्या यजमानांनी १३ गरीब म्हाताऱ्यांसाठी घरं बांधली. राजाची परवानगी मिळाली १४३७ साली. मधे चौक, भोवती छपराची ओसरी, अगदी आपल्या जुन्या वाड्यासारखं! तिथून पायऱ्या चढल्या की थेट चर्च. रोज तिथं दात्यांसाठी प्रार्थना करायची, हेच जणू घरभाडं!

पण मला भावलं ते वेगळंच. तिथं प्रत्येकाला स्वतंत्र दार होतं. दुसऱ्याच्या दानावर जगणाऱ्यालाही आपलं दार लोटून घ्यायची मुभा होती! ही घरं आजही राहती आहेत.

मैत्रिणींनो, आपल्या घरात सासूबाईंची खाट कुठे असते? बहुधा हॉलमध्ये. पाहुणे आले की त्यांनीच उठायचं.

आमच्याकडे मागची सामानाची खोली रिकामी करून सासूबाईंना दिली. देवघर शेजारीच ठेवलं आणि दाराला आतून कडी बसवली. दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "लग्न होऊन आल्यापासून आज पहिल्यांदा घाई न करता लुगडं नेसले गं!"

खर्च आला एका कडीचा. तुमच्याकडे अशी एखादी खोली आहे का, बघा तर!