आधी खरारा

आमच्या घरी घोडी होती ती आजोबांच्या, म्हणजे आबाजींच्या, हयातीपर्यंत. रिसोड तालुक्यातलं, पैनगंगेच्या खोऱ्यातलं गाव. पाऊस लागला की काळ्या मातीत बैलगाडीची चाकं आसापर्यंत रुतायची. मग तालुक्याला जायचं, औषध आणायचं, पाहुण्यांकडे मयतीचा निरोप न्यायचा, तर घोडीच. तिचं नाव चंद्री. चारही पाय खालून पांढरे आणि कपाळावर पट्टा. असं जनावर पंचकल्याणी म्हणून शुभ मानतात. पण आबाजींनी ती शकुनासाठी घेतली की भाव पटला म्हणून, हे विचारायची घरात कोणाची छाती नव्हती.

घेतली होती माळेगावच्या जत्रेत. आमच्या वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव वेगळं, हे नांदेडकडचं, खंडोबाचं. देवच घोड्यावर बसणारा, तेव्हा त्याच्या मार्गशीर्षातल्या जत्रेत घोड्या-गाढवांचा बाजार भरावा हे ओघानंच आलं. तिथं दात बघून वय ठरतं आणि अंगावरचे भोवरे बघून नशीब. गळ्याखाली देवमण असला की भाव चढतो. चंद्रीला देवमण नव्हता, म्हणूनच बहुधा ती आमच्या ऐपतीत बसली.

आम्हा पोरांना तिच्यावर बसायची कोण घाई! आबाजी खरारा हातात द्यायचे. "आधी घास तिले. वयख तं होऊ दे." मानेपासून सुरुवात, केसांच्या ओढीनं मागे मागे, पोटाखाली हलक्या हातानं. थोड्या थोड्या वेळानं खरारा गोठ्याच्या उंबऱ्यावर आपटायचा. केस आणि धूळ मिळून राखी रंगाची वडी पडायची. सुरुवातीला तिची कातडी नुसती थरथरायची. मग कधीतरी खालचा ओठ सैल सुटायचा, एक मागचा पाय ढिला पडायचा. तो पडला की आबाजी म्हणायचे, "आता बस."

पण हे सगळं ज्यांनी मला खरं शिकवलं त्या माझ्या आत्या, आणि त्या जन्मात घोडीवर बसल्या नाहीत. पोरीच्या जातीनं मांड टाकून बसायचं नसतं, असा घरचा कायदा. रात्री हरभरा भिजत घालणं, सकाळी तोबरा बांधणं, खुरांतले खडे काढणं मात्र त्यांच्याकडे. आबाजींना घोडीवर कसं बसायचं ते माहीत होतं; घोडीच्या मनात काय चाललंय ते आत्यांना. खोगीर चढवून तंग आवळताना चंद्री पोट फुगवून उभी राहायची. नवखा माणूस तसाच पट्टा ओढून बांधतो आणि वाटेत खोगीर फिरून सवारासकट पोटाखाली येतं. आत्या म्हणायच्या, "घाई नोको करू. तिनं हवा धरली हाय. सोडू दे, मंग आवळ." घोडीला चार पावलं चालवायची, तिचा श्वास सुटला की पुन्हा एक भोक पुढं. पुढे मी जी काही थोडीफार रपेट केली ती या एका वाक्याच्या भरवशावर.

घोडा वारशानं येतो ही आपल्याकडची जुनीच गोष्ट. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळायचा, शिलेदार मात्र स्वतःचा आणायचा. म्हणजे त्याचं जनावर हीच त्याची इस्टेट आणि तीच नोकरी. वाशीमचं बालाजी मंदिर बांधणारे भवानी काळू नागपूरकर भोसल्यांचे सरदार. १७७९ च्या सुमारास हे देऊळ उभं राहिलं, तेव्हा या मुलखात किती दावणी भरलेल्या असतील! आता मानोरा तालुक्यात पोहरादेवीला जा. सेवालाल महाराजांचा पुतळा घोड्यावरच आहे, आणि तोळाराम हे त्या घोड्याचं नाव तांड्यावरच्या पोरांना तोंडपाठ असतं.

आणि पिढ्यान्‌पिढ्यांचं म्हणाल तर अंकलीच्या शितोळे सरकारांचं घराणं. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या पालखीला आजचं रूप दिलं, तेव्हापासून सोहळ्याचे अश्व याच घराण्याचे. दर वर्षी दोन घोडे बेळगावकडून आळंदीपर्यंत सुमारे ३०० किलोमीटर चालत येतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्याची पाठ रिकामी, तिथं माउली बसलेले. रिंगण झालं की वारकरी टापांखालची माती कपाळाला लावतात. मला त्या रिकाम्या पाठीचं फार वाटतं. ज्या घोड्यावर आपण कधीच बसायचं नाही, तो पोसायचा, घासायचा, चालवत न्यायचा. आत्यांना हे सांगितलं तर म्हणाल्या, "मंग मी काय येगळं केलं?"

आमची दावण रिकामी झाली ती काही प्रेम आटलं म्हणून नव्हे. आधी सडक आली, मग लाल गाडी, मग फटफटी. त्याहून मोठा घाव सोयाबीनचा. ज्वारी होती तोवर कडबा घरचा होता. आता शिवारभर सोयाबीन, आणि कडबा पेंढीच्या भावानं विकत. बिनकामाच्या तोंडाला विकतचा चारा घालणं शेतकऱ्याला कसं परवडणार? बाबांनी मास्तरकी केली, घोडी कधी घेतली नाही. पण वरातीत घोडी दिसली की नवरदेवाला सोडून आधी तिचा तंग चाचपून बघायचे. आई कपाळाला हात लावायची.

माझी मुलगी पुण्यात रीतसर शिकते, हेल्मेट वगैरे घालून. बसण्याआधी तंग पुन्हा एकदा तपासा, असं प्रशिक्षकांनी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "माहितीये, आत्याआजीनं सांगितलंय." घरचा कायदा कधी मोडला हे कोणाच्या लक्षातही आलं नाही. मोडला हे बरंच झालं. पन्नास वर्षं आधी मोडायला हवा होता.

वाशीम, रिसोड, कारंजा भागात लग्नासाठी घोडी पाळणारी घरं अजून आहेत. चातुर्मासात वराती थांबतात आणि त्यांना जनावर पोसणं जड जातं. त्या दिवसांत त्यांच्याकडे जा. रीतसर पैसे मोजा, आणि आपल्या पोराला, पोरीलाही, सकाळी तासभर खरारा करायला पाठवा. घोडीवर कधी बसवायचं ते त्यांना ठरवू द्या.