टिटवीला झाड नको असते

पुणे विद्यापीठाचे ४११ एकरांचे आवार पक्षिवेड्यांचे जुने माहेर. तिथल्या जुन्या झाडांवर धनेश, तांबट भेटतात. आपल्या भालकी तालुक्यातही हालहळ्ळीला २०२३ साली बिदर विद्यापीठ झाले. दर रविवारी सकाळी टोळीने तिथे हिंडायला काय हरकत? दुर्बीण एखादीच असली तरी भागते. मात्र नजर झाडांवरच नको. टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते, चंडोल गवताच्या बुडाशी घरटे करतो. आपल्याकडे मोकळा माळ दिसला, की पडीक समजून रोपे लावतात. वृक्षारोपणाचा फोटो निघतो, टिटवीचा संसार मोडतो! दर आठवड्याची नोंदवही, मराठीत असो वा कन्नडात, हाताशी असली तर खड्डे खणण्याआधी दाखवता येईल. फेब्रुवारीत देशभर चार दिवस कॅम्पस पक्षीगणना असते. किमान पंधरा मिनिटे पाहून यादी कळवायची. सुरुवात तिथून करू.