घाई न करता फास्ट!

एक किलो म्हणजे किती? फार नाही... अर्ध्या लिटरच्या दोन दूध पिशव्या. आता या दोन्ही पिशव्या तर्जनीच्या पहिल्या पेराला लटकवा आणि बाकीचा हात अजिबात न हलवता फक्त बोट मागे ओढा. कन्नमवार नगरातल्या आमच्या स्वयंपाकघरात मी हा प्रयोग केला तेव्हा आई एवढंच म्हणाली, "दूध सांडलं तर चहा मिळायचा नाही हं!"

पण २५ मीटर स्पोर्ट्स पिस्तुलाचा ट्रिगर एवढं वजन मागतोच. नियमच आहे तसा, किमान १००० ग्रॅम. मॅचआधी खरोखरचं वजन लावून तपासतात. मी शिकतेय ते १० मीटर एअर पिस्तूल. तिथे किमान ५०० ग्रॅम, म्हणजे एकच पिशवी!

विक्रोळी म्हणजे स्लो लोकलवाल्यांचं स्टेशन. दर शनिवारी स्लो पकडून दादर आणि तिथून रेंज. आठवडाभर 'अर्जंट आहे', 'आजच हवंय' ऐकून कान किटलेले असतात. आणि रेंजवर पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं, "वेगाचं नंतर बघू. आधी बोट हाताच्या तावडीतून सोडव."

म्हणजे काय, ते हळूहळू कळतं. पिस्तूल धरलं की हात डुलतोच. तुमचा, माझा, चॅम्पियनचाही. समोर टार्गेटचा दहाचा गोल साडेअकरा मिलिमीटरचा. पुढची माशी डुलत डुलत बरोब्बर जागेवर आली की मेंदू ओरडतो, "आत्ता! मार!" आणि मग एकटं बोट हलत नाही, अख्खी मूठ आवळली जाते. नळी झुकते. शॉट सात-आठमध्ये.

यावर सरांकडे एक भारी खेळ आहे. ते स्वतः पिस्तूल भरून हातात देतात. आत छर्रा आहे की नाही, ते फक्त त्यांनाच माहीत. आमच्या बॅचमधल्या मुलुंडच्या बँकवाल्याच्या हातात एकदा रिकामं पिस्तूल आलं. त्याने ट्रिगर दाबला आणि काहीच सुटलं नाही तरी नळी टुणकन खाली गेली! सगळे हसले, तोही हसला. दोष पिस्तुलाचा नाही, वाट बघण्याचा आहे, हे मात्र एका झटक्यात सगळ्यांना समजलं.

उपाय ऐकायला सोपा आहे. बोटाच्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर. पहिला टप्पा हलका, तो आधीच संपवून ठेवायचा. मग दाब सरळ मागे, सारखा वाढवत न्यायचा. नजर माशीवर, टार्गेट धूसर दिसलं तरी चालेल. हात डुलतोय? डुलू दे. शॉट नेमका कधी सुटणार हे आपण ठरवायचं नाही. आणि सुटल्यावरही एक क्षण तसंच थांबायचं, निकाल बघायला मान वर करायची नाही.

हे सगळं निवांत वेळ असताना ठीक, पण घड्याळ लावलं तर? त्यासाठी कोल्हापूरच्या राही सरनोबतची फायनल आठवा. २२ ऑगस्ट २०१८, पालेमबांग, आशियाई स्पर्धा. २५ मीटर पिस्तूल. हात खाली, सिग्नल मिळाला की तीन सेकंदांत हात वर आणि एकच शॉट. परत हात खाली. असे ५० शॉट झाल्यावर राही आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून, दोघींचे ३४-३४. शूटऑफ... ४-४. पुन्हा शूटऑफ... ३-२! आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी राही पहिली भारतीय महिला ठरली.

तीन सेकंदांत ही मंडळी ट्रिगर खेचतात तरी कसा, असं मला वाटायचं. गंमत म्हणजे ते खेचतच नाहीत. हात झपकन वर येतो, आणि तो वर येतानाच बोटाचं काम सुरू झालेलं असतं. माशी जागेवर स्थिरावते तोवर बराचसा दाब देऊन झालेला असतो. वेळ वाचतो तो हात उचलण्यात आणि काम आधी सुरू करण्यात. शेवटचे काही ग्रॅम मात्र तितक्याच शांतपणे. डेडलाइनवाल्यांनो, लक्षात येतंय ना? आपण बरोबर उलटं करतो. सुरुवात रखडवतो आणि शेवट ओरबाडतो.

पुढच्या महिन्यात माझी पहिली क्लब मॅच आहे. ६० शॉट, ७५ मिनिटं. एका शॉटला सरासरी सव्वा मिनिट. भीती वाटते? हो, पोटात गोळा येतो. हात थरथरणार, हेही नक्की. सरांना विचारलं, थरथर थांबेपर्यंत थांबू का? ते म्हणाले, "ती थांबायची नाही. तू सुरू कर."