प्रवासी होते, गाडी नव्हती

"प्रवासीच नाहीत, म्हणून फेरी रद्द." हे वाक्य मला आजही पचलेलं नाही. ते ऐकलं तेव्हा बसस्थानकात कॉलेजच्या मुली उभ्या होत्या, दवाखान्यातून परतणारे म्हातारे होते, बाजाराच्या थैल्या सांभाळत बसलेल्या बायका होत्या. सगळे त्याच एका गाडीसाठी थांबलेले.

रोहणा हे वर्धा जिल्ह्यातलं, आर्वी तालुक्यातलं, पुलगाव–आर्वी रस्त्यावरचं गाव. तहसील आणि कोर्ट आर्वीला, मुंबई–नागपूर रेल्वे पुलगावला, मोठं दुखणं निघालं तर सेवाग्राम नाहीतर सावंगीचं रुग्णालय. गावाबाहेर पडल्याशिवाय कोणाचंच भागत नाही. एकेकाळी कोकणातल्या बंदराला बोट होती, तशी रोहण्याला एसटी.

त्या दिवशी आईला डोळ्याच्या तपासणीसाठी सेवाग्रामला नेलं होतं. परतीच्या वाटेवर बस बदलायची होती. संध्याकाळची गाडी फळ्यावर लिहिलेली होती, पण वेळ झाली तरी फलाटावर आली नाही. चौकशीच्या खिडकीवर कोणी "येईल" म्हणालं, कोणी "मागून दुसरी लागेल" म्हणालं. वय दाखवायला आईने आधार कार्ड पिशवीतून काढून हातात धरून ठेवलं होतं. मी म्हटलं, ठेव आत. "राहू दे, गाडीत चढल्यावर गर्दीत कुठी शोधू?" डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिला फळ्यावरचं काही दिसत नव्हतं. प्रत्येक गाडीचा आवाज आला की ती विचारायची, "आपली का?"

अंधार पडला. मुलींनी घरी फोन लावायला सुरुवात केली. एकीच्या बापाने मोटरसायकल आणली आणि गावातल्या आणखी दोघींना मागे बसवून नेलं. हेल्मेट नाही, रस्त्यावर उजेड नाही. उरलेल्यांपैकी एक रडवेली होऊन सांगत होती की बाबा म्हणतात, असं रोज चाललं तर कॉलेज सोड. तिच्याकडे एसटीचा पास होता, प्लास्टिकच्या कव्हरात नीट जपलेला. त्या पासाचं तिने करायचं काय?

शेवटी एक म्हातारी खिडकीशी गेली. "भाऊ, आमी इतके लोक उभे हावो, तुमाले दिसत नाही का?" तेव्हा ते उत्तर आलं. फेरी रद्द, प्रवासी नाहीत. वरून आलेला आदेश होता आणि खिडकीतल्या माणसाने तो वाचून दाखवला. माझा राग त्याच्यावर निघाला, मी बरंच बोललो. त्याच्या हातात काही नव्हतं हे मान्य आहे. पण फलाटावरची माणसं मोजायला कोणी आलं नव्हतं, हेही खरं.

आम्ही खासगी काळीपिवळी टॅक्सीने आलो. सगळ्या सीट भरेपर्यंत ती हलली नाही, आणि भरल्यावरही दोघं मागे लोंबकळले. याच गाड्यांवर बंदी आणा म्हणून मी अनेकदा बोललो आहे. त्या रात्री मात्र त्या चालकाने आईला पुढे बसवलं आणि दारापर्यंत सोडलं. आता बंदीची भाषा माझ्या तोंडून निघत नाही.

राज्यात 26 ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट लागतं. ही मतांची खिरापत आहे असं मी तेव्हा म्हणायचो. पुढे आई तिच्या बहिणीकडे मनात येईल तेव्हा जाऊ लागली, कोणाकडे पैसे न मागता, तेव्हा माझं ते मत गळून पडलं. म्हणूनच बस नसणं जास्त सलतं. तिकीट माफ झालेल्या आईने त्या रात्री काळीपिवळीला पूर्ण भाडं मोजलं.

चालू सेवा अशी बंद पडताना आमच्या भागाने आधीही पाहिलं आहे. पुलगाव–आर्वी ही 35 किलोमीटरची नॅरोगेज रेल्वे 1917 मध्ये सुरू झाली, मुख्यतः कापसासाठी. आर्वीकडचा कापूस पुलगावला मोठ्या लाइनवर चढायचा आणि मुंबईला जायचा. 'रोहणा टाऊन' हे त्या मार्गावरचं आमचं स्टेशन. मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा, किलिक निक्सन या खासगी कंपनीच्या व्यवस्थापनाखालचा. स्वातंत्र्यानंतर बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, तरी याची मालकी त्याच रेल्वे कंपनीकडे राहिली. दुसऱ्याच्या मालकीच्या रुळांवर पैसा कोण घालणार? रूळ जुने झाले की गाडी हळू होते, आणि हळू गाडीत माणूस बसत नाही. आज तिथे प्रवासी गाडी नाही.

कोकणातही मुंबईहून जाणारी बोट बंद पडली, पण 26 जानेवारी 1998 ला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. आमच्याच जिल्ह्यातून निघणाऱ्या वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गाचा कळंबपर्यंतचा टप्पा 28 फेब्रुवारी 2024 ला खुला झाला. तिकडच्या लोकांसाठी मला आनंद आहे. रोहण्याची मात्र रेल्वे गेली आणि रस्ता उरला.

एसटीची अडचण मला कळते. ऑक्टोबर 2021 ते एप्रिल 2022 चा संप आम्ही भोगला, पण कर्मचाऱ्यांचे पगार पाहता त्यांची बाजू खोटी नव्हती. गाड्या जुन्या झाल्या, त्या मोडीत निघाल्या तेवढ्या वेगाने नव्या आल्या नाहीत. पण गाड्या कमी म्हणून आधी खेड्याचीच फेरी का कापायची? एकदा गाडी चुकवली की दुसऱ्या दिवशी माणूस काळीपिवळीकडे वळतो, आणि महिन्याने त्याच्याच नावावर "प्रवासी नाहीत" असा शेरा बसतो. प्रवासी आधी गेले नाहीत. आधी गाडी गेली.

या रस्त्यावरच्या सगळ्या गावांना माझं सांगणं आहे: फेरी रद्द झाली की तारीख, वेळ आणि थांबलेल्या माणसांची संख्या वहीत लिहा, ग्रामसभेत ठराव घ्या आणि त्याची प्रत एसटीच्या विभाग नियंत्रकांना द्या. आणि महामंडळाला एकच विनंती आहे. बाकी फेऱ्यांचं काय ते नंतर बघा, पण कॉलेज सुटल्यानंतरची संध्याकाळची गाडी कोणत्याही कारणाने रद्द करू नका.